एक चूल, एक पथ्य

आखाजी, म्हणजे तुमची अक्षयतृतीया, आठ दिवसांवर आली. काल कुंभारीण दारावर घागरी घेऊन येऊन गेली. दरवर्षी मी घागर टिचकीनं वाजवून बघते, उन्हाकडे धरून बघते, दोन नापसंत करते आणि मग तिसरी घेते. काल जी हाताला लागली ती घेतली. कुंभारीण म्हणाली, "बाई, ह्या वर्षी वाजवली नाही?" म्हटलं, तूच वाजवून आणली असशील. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. उन्हाचा आलाय, कुरडयांचा आलाय, रॉकेलच्या रांगेचा आलाय. लढाई संपली म्हणतात, पण रांग काही संपलेली दिसत नाही.

धुळ्याचं ऊन म्हणजे सकाळी नऊलाच माणसाला घरात कोंडतं. अशात भास्कर, माझा मुलगा, कचेरीत जाण्याआधी जेवायला बसतो आणि एका हातानं वर्तमानपत्र धरतो. त्याची बायको कुसुम वाढते, मी चुलीशी असते. आज त्यानं मोठ्यानं वाचलं, जेवताना पाणी प्यावे की न प्यावे. कुणी डॉक्टरानं लिहिलंय. एक पक्ष म्हणतो, पाण्यानं पोटातला रस पातळ होतो आणि अन्न पचत नाही. दुसरा म्हणतो, तसं काही होत नाही, उलट घास मऊ होऊन सुखानं उतरतो. "आई, तुझं काय मत?" त्यानं विचारलं आणि आपल्या फुलपात्रातलं पाणी गटागटा प्यायला.

मी म्हटलं, जेव मुकाट्यानं, उशीर होतोय. दुसरं काय सांगणार? ह्या एका प्रश्नापायी माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस वाळत गेलं होतं. तेव्हाही हेच दिवस होते, चैत्र सरून वैशाख लागण्याचे. आणि हे वर्तमानपत्रवाले आज विचारतात.

माझं माहेर धुळ्याचं. वडील कचेरीत शिपाई होते. मी चार इयत्ता शिकले आणि लग्न करून नरडाण्यापासून कोसावरच्या एका खेड्यात गेले. सासरी माणसं चारच: सासरे आबा, सासू अक्का, माझा नवरा आणि मी. पहिल्या दिवशी जेवायला बसले, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा, उडदाची डाळ. दोन घासांत तोंडाची आग झाली. उजवीकडे हात नेला, तर तिथं भुई. माहेरी पाण्याचं भांडं ताटाच्या आधी यायचं. इथं अक्का म्हणाल्या, "पानी मंग. आपला घरमा जेवताना पानी नही पेत." मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा चाललीय. नव्हती.

ते झालं होतं असं. मी यायच्या दहा वर्षं आधी आबांना पोटाचा फार त्रास होता. छातीत जळजळ व्हायची, आंबट ढेकर यायचे, उभ्या पिकात माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. कुणीतरी धुळ्याच्या वैद्यबुवांकडे नेलं. वैद्यबुवांनी पुड्या दिल्या आणि पथ्य सांगितलं, जेवताना पाण्याचा थेंब नाही, जेवल्यावर एक घटका थांबून मग काय ते. आबा महिन्याभरात बरे झाले. जळजळ गेली ती गेलीच. आता ज्या माणसानं दोन वर्षं रात्री बसून काढल्या त्याला असा गुण आला, तर त्याची श्रद्धा बसणार नाही तर काय? मी आबांना नावं ठेवत नाही. त्या वेळी ठेवली, पुष्कळ ठेवली, मनातल्या मनात.

पण आमच्याकडची रीत अशी, की घरधन्याला पथ्य लागलं की ते चुलीला लागतं. एक चूल, एक पथ्य. त्याला आंबट बंद तर घरात चिंच येत नाही. तो कोरडं खाणार आणि बायको शेजारी घोट घेणार, हे बघवायचं कुणाला? औषधाचा गुण जातो म्हणतात. म्हणून त्या दिवसापासून सगळं घर कोरडं जेवू लागलं. आणि पथ्य ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं असतं. नारळ घेऊन वैद्याकडे जायचं, त्यानं सुटलं म्हणायचं, तेव्हा सुटतं. आबांना बरं वाटलं आणि पेरणीची घाई लागली. बरं वाटल्यावर कोण जातं वैद्याच्या दारात? दिवाळीनंतर जाऊ म्हणाले. दिवाळीच्या आत वैद्यबुवाच वारले. झालं. सोडणाराच राहिला नाही, तर सुटणार कसं?

आबा त्याचा अर्थही सांगायचे. "पोटमा आग ऱ्हास. वरथून पानी टाकं का इझी जास." चुलीकडे बोट दाखवून सांगायचे, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. पेटत्या चुलीत पाणी ओतलेलं कुणी बघितलं नाही? तरी शंका यायच्याच. ताकाचं काय? आबांनी पुष्कळ विचार करून सांगितलं, ताक दुधापासून होतं, म्हणून ते अन्न. वरण? अन्न. डांगर, म्हणजे तुमचं कलिंगड? त्यावर दोन दिवस गेले आणि ते पाणी ठरलं. एकदा आखाजीला लांबचे एक जावई आले होते. ठेच्यानं त्यांना अशी उचकी लागली की कान लाल झाले. पाणी मागायची लाज वाटत होती, आणि आबा आपले समोरून धीर देताहेत, "बस, व्हई गयं, दोन घास ऱ्हायनात." ते जावई पुन्हा कधी जेवायला थांबले नाहीत. ताक मात्र नेहमी असायचं असं नाही. फाल्गुनानंतर म्हैस आटायची, मग ताकही गेलं.

मी पाळलं का हे पथ्य? छे. पुरुष उठल्यावर आम्ही दोघी बसायचो. तिसऱ्या घासाला मला मीठ तरी कमी पडायचं, नाहीतर मांजर तरी दिसायचं. उठायचं, मागच्या पडवीत जायचं, रांजणात तांब्या बुडवायचा आणि उभ्या उभ्या प्यायचं. पदरानं तोंड पुसून परत यायचं. अक्का मान खाली घालून जेवत असायच्या. मला वाटायचं, आपण फार हुशार. सतरा-अठराचं वय, पाणी चोरून पिण्यातसुद्धा मजा वाटायची. त्या गार पाण्याचा पहिला घोट घशातून खाली उतरताना मला अजून आठवतो, आणि आठवला की बरं वाटत नाही.

मग तो उन्हाळा आला. शेतं मोकळी झालेली, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून गंजी घातलेली, विहिरीचा दोर दर आठ दिवसांनी हातभर वाढवावा लागत होता. दारापुढच्या निंबाचा मोहर गळून अंगणभर पडायचा. झाडायला घेतला की पुन्हा वर तेवढाच. आम्ही बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवत होतो. अक्का दरवर्षी त्या गरम पिठाचा गोळा तेल लावून आधी स्वतः खायच्या, मीठ बघायला म्हणून. त्या वर्षी गोळा तोंडात घेतला आणि तसाच धरून बसल्या. किती वेळ. मग उठून मागे गेल्या आणि गोठ्याशी टाकून आल्या. "मीठ बराबर शे," म्हणाल्या.

मला तेव्हा कळलं नाही. हळूहळू दिसायला लागलं. अक्का भाकरीचा तुकडा मोडायच्या, चावत राहायच्या, चावत राहायच्या, घास इकडून तिकडे जायचा पण उतरायचा नाही. मान पुढे काढून, डोळे मिटून गिळायच्या. चार घासांत ताट सरकवायच्या. विचारलं तर, "माले भूकच नही शे वं." चोळीच्या बाह्या सैल झाल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आबांनी पाहिलं, त्यांना काळजी वाटली नाही असं नाही. त्यांनी निदान केलं की हिची आग मंद झाली. आणि आग मंद झाली म्हणजे पाणी आणखी जपून. जेवल्यावर एक घटका थांबायचं ते अक्कांना दोन घटका झालं.

एक दिवस माझ्यानं राहवलं नाही. आम्ही दोघीच होतो. मी तांब्या भरून त्यांच्या ताटाशी ठेवला आणि म्हटलं, अक्का, एक घोट घ्या, घास उतरेल. त्यांनी तांब्याकडे बघितलं. तहानलेलं माणूस पाण्याकडे कसं बघतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मग त्यांनी तो दोन बोटांनी दूर सारला. "बठ्ठं घर पथ्य पाळस. मी एकलीच तोडू का? त्यासनं दुखनं उलटी उनं म्हंजे?" आपल्या एका घोटानं नवऱ्याचं दुखणं परत येईल, असा त्यांचा हिशेब. मी रागावले. म्हटलं, मरा मग. म्हटलं म्हणजे मोठ्यानं नाही म्हटलं. पण म्हटलं.

पुढचे दिवस मी भाकरी वरणात कुस्करून दिली. वरण अन्न ठरलं होतं ना. थोडे दिवस चाललं. पण डाळ संपत आली आणि गळाही बंद होत गेला. माणूस समोर बसलेलं आहे, ताट समोर आहे, पाणी दहा पावलांवर आहे, आणि माणूस उपाशी मरतंय. घरात दाणा नसता तर एक वेळ समजू शकले असते.

तेव्हा सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मी दाराआडून बोलले. आखाजीला आठ दिवस होते, आबा ओट्यावर नवीन घागरी उतरवून घेत होते. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, शेजारी पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचं पान वाढतात. मी म्हटलं, "आबा, घागर पानाशेजारी कशाला ठेवायची? आधी पूर्वजांना जेवू द्या, पाणी घटकाभरानं ठेवू." ते थांबले. माझं तोंड सुटलं होतं. "मेलेल्यांना जेवताना पाणी लागतं आणि जित्यांना नाही? मग पुढच्या आखाजीला अक्कांना पाजू, घागर भरून."

हातातली घागर त्यांनी खाली ठेवली. मला वाटलं, आता माहेरी धाडतात. मग आबा हळू म्हणाले, "वैद्यबुवा गयात. सोडी कोन?"

त्या आवाजात राग नव्हता, ते मला फार उशिरा समजलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, कोण सोडील. बांधलेल्या बैलासारखा तो माणूस चौदा वर्षं त्याच खुंट्याभोवती फिरत होता. मी म्हटलं, त्यांच्या घरात कुणी तरी असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. आखाजीला मला माहेरी जायचंच होतं, ते निमित्त झालं. अक्कांजवळ शेजारीण बसली. धुळ्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. वैद्यबुवांच्या घराचा बोर्ड गेला होता. मुलगा कुठं तरी कापसाच्या जिनात नोकरीला होता. दारात वैद्यबुवांची बायको गव्हाचा चीक घोटत बसली होती, कोपरापर्यंत हात भरलेले. आबांनी नारळ पुढे केला आणि पागोटं नीट केलं. अशा कामाला काय बोलतात ते त्यांना सुचेना. मग मीच म्हटलं, ह्यांचं पथ्य सोडवायला आलोय.

"कसलं पथ्य?"

आबांनी सांगितलं. बाईंनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "किती दिवसांचं दिलं होतं?"

"दिवस... चाळीस दिनमा या म्हनेल व्हतं. मी उनूच नही."

"मग ते चाळीस दिवसांचंच, बाबा. पुड्यांबरोबर. पुड्या संपल्या, पथ्य संपलं. किती दिवस पाळलंत?"

मी सांगितलं, चौदा वर्षं, सगळ्या घरानं. बाई हसणार होत्या, पण आबांच्या तोंडाकडे बघून थांबल्या. "हा तर वनवास झाला," एवढंच म्हणाल्या. मग हात धुता धुता म्हणाल्या, "आणि ते स्वतः काय करायचे माहीत आहे? दर दोन घासांना घोट. भांडं भरलेलं नसलं तर ताट सरकवायचे माझ्या अंगावर. म्हणायचे, ज्याचं दुखणं त्याचं पथ्य." त्यांनी आबांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला, पाण्याचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, "घ्या. खा आणि वर प्या. सुटलं तुमचं."

आबांनी गूळ तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला, आणि तो घोट तसाच तोंडात धरून उभे राहिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा तोंडात खाणं असताना पाणी आलं होतं. गिळायला त्यांना वेळ लागला. मी दुसरीकडे बघितलं.

मी माहेरी एक रात्र राहिले आणि त्यांच्याच गाडीनं परत निघाले. आई नाराज झाली, आखाजीचा झोका बांधून ठेवला होता. दुपारी एका विहिरीवर बैल सोडले, कडबा टाकला. बैलांनी दोन तोंडं कडबा खाल्ला, मग हौदात तोंड घातलं, मग पुन्हा कडबा. आबा बघत होते. "ढोरसले कोनी पथ्य सांगं नही," म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसलं. घामच पुसला असेल.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले नाहीत. थेट चुलीपुढे येऊन बसले, जिथं ते कधी येत नसत, आणि म्हणाले, तांब्या दे. भाकरी दे. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, तांब्या उचलला आणि त्यांच्यासमोर प्यायले. "पथ्य सुटनं," म्हणाले. "आते तू पी." मग उठून बाहेर गेले.

अक्कांची अर्धी भाकरी त्या दिवशी गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी भाकरीचा वरचा पातळ पोपडा काढून तुकडे करत होते, त्या एक तुकडा घेत होत्या, एक घोट घेत होत्या. दोन्ही मिळून खाली उतरायचं, मग त्या थोडा दम खायच्या. संपायला एवढा वेळ लागला की चूल विझून गेली. शेवटी तोंडावरून ओला हात फिरवून त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तू पडवीमा जाईसनी पानी पेस, हाई माले पहिलाच दिनपाईन माहीत शे."

मी खाली बघितलं.

"तुना वाटानं बी मीच पाळं," त्या म्हणाल्या.

मला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. जेवल्यावर घटकाभरानं पाणी प्यायची सगळ्यांना मुभा होती. अक्का तेव्हाही प्यायच्या नाहीत. संध्याकाळी जनावरं पाण्यावर सोडली की मग प्यायच्या. मी समजत होते, कामाच्या नादात विसरतात. सुनेनं मोडलेलं पथ्य सासू भरून काढत होती, म्हणजे माझ्या चोरीचं पाप त्यांच्या नवऱ्याच्या पोटाला लागू नये. आणि मला कधी रागावल्या नाहीत. चार वर्षं. मी रोज एक तांब्या प्यायचे, आणि त्या रोज तेवढ्या तहानलेल्या राहायच्या.

अक्का त्यानंतर चार महिने जगल्या. बाजरी कापणीला आली तेव्हा गेल्या. गळ्यात काही तरी होतं, गाठ म्हणा, काय म्हणा. पाण्यानं ती होत नाही आणि पाण्यानं ती जात नाही, एवढं मलाही कळतं. पथ्य आधी सुटलं असतं तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. चार घास सुखानं गेले असते. थकलेल्या माणसाला तेवढंही फार असतं.

पुढच्या आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरली. आबांनी पान स्वतः वाढलं, घागर पानाला अगदी खेटून ठेवली. मग आम्ही आबांना वाढलं. मी आठवणीनं तांब्या भरून त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. ते जेवले, उठले. तांब्या भरलेला तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. महिनाभर मी तांब्या भरून ठेवत होते आणि भरलेला उचलत होते. शेवटी दाराआडून विचारलं, आबा, पाणी का घेत नाही, पथ्य तर सुटलं.

आबांनी हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "तिना वाटानं."

त्यानंतर मी तांब्या ठेवला नाही. आणि पडवीतल्या रांजणाकडेही जेवणातून उठून गेले नाही. कुणी सांगितलं नव्हतं. आबा जाऊनही आता बारा वर्षं झाली, नवराही गेला, मी मुलाकडे शहरात आले. कोरडं जेवायची सवयच झाली. आपल्याला काही त्रास नाही आणि दुसऱ्या कुणाला काही नाही, असं मी धरून चालले होते.

भास्कर कचेरीत गेल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. पंखा हलवायलाही हात उठत नव्हता. कुसुमनं आज ठेचा जरा सणसणीत केला होता. दुसऱ्याच घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक ओढलं तिनं, आणि तशीच जेवत राहिली. मी तिच्या ताटाकडे बघितलं. उजव्या हाताला भुई. लग्न होऊन दोन वर्षं झाली ह्या पोरीला. मी रोज तिच्यासमोर बसून जेवते.

"कुसुम, तुला जेवताना तहान लागत नाही का गं?"

"लागते की," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "पण तुम्ही पीत नाही ना, आई."

माझा घास हातातच राहिला. मग मी गुडघ्यावर हात देऊन उठले. ती मी आणते मी आणते म्हणत होती, तिला बस म्हटलं. माठातून दोन भांडी भरून आणली, एक तिच्या ताटाशी ठेवलं, एक माझ्या. ती माझ्याकडे बघत होती, तिनं हात लावला नाही. सोडणाऱ्यानं आधी प्यायचं असतं, हे मला ठाऊक होतं. मी भाकरीचा घास तोंडात घातला आणि वर पाणी प्यायले. घास उतरायला वेळ लागला. "सुटलं गं बाई," मी म्हटलं. "पी आता."